मदत हवी आहे: माशाच्या भ्रूणातील जीएचआर जनुकांचे आकडे जुळत नाहीत

हापा_आणि_पिपेट: येत्या शुक्रवारी मार्गदर्शकांना आलेख दाखवायचा आहे आणि तीन आठवडे मी एकाच जागी अडकलो आहे. वृद्धी संप्रेरकाच्या ग्राहीची (संप्रेरक पकडणाऱ्या पेशीवरील प्रथिनाची) दोन्ही जनुके, म्हणजे जीएचआर-१ आणि जीएचआर-२, क्यूपीसीआरने (जनुकाचा आरएनए किती आहे ते मोजण्याच्या पद्धतीने) मोजतो आहे. जीएचआर-१ फलनानंतर पहिल्या तासाला नगण्य येते, सहाव्या तासाला ४० पट चढते आणि मग घसरते. मेल्ट कर्व्हला (तयार झालेला डीएनए वितळवून काढलेल्या आलेखाला) एकाऐवजी दोन शिखरे दिसतात. त्या वेळी पियूषिका, म्हणजे हे संप्रेरक स्रवणारी ग्रंथी, तयारही झालेली नसते, मग हा ग्राही कशासाठी? यंत्र बिघडले आहे का? कृपया लवकर सांगावे.

कल्ले: मासा कोणता, प्रायमर (नेमके जनुक हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे) कुठले, तुलनेसाठी संदर्भ जनुक कोणते आणि सीडीएनए (आरएनएची डीएनए-प्रत) कशाने केला, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. यंत्राला दोष नंतर देऊ.

हापा_आणि_पिपेट: रोहूच, आणखी कोणता असणार! प्रायमर सायप्रिनसच्या (कॉमन कार्पच्या) जनुकक्रमावरून घेतले, संदर्भाला बीटा-अ‍ॅक्टिन, सीडीएनए ऑलिगो-डीटीने.

शेततळेवाला: विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्या शेततळ्यातील रोहू वर्ष झाले तरी पाव किलोच्या पुढे जात नाही. हे संप्रेरक खाद्यातून देता येईल का?

कल्ले: ते प्रथिन आहे, पोटात गेले की बहुतांशी पचून जाईल. शिवाय उपाशी माशाच्या रक्तात वृद्धी संप्रेरक अनेकदा वाढलेलेच असते. यकृतातील ग्राही कमी झाल्यामुळे आयजीएफ-१ हे प्रत्यक्ष वाढ घडवणारे संप्रेरक मात्र पुरेसे तयार होत नाही आणि वाढ खुंटते. तेव्हा आधी एकरी बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) किती सोडली आणि खाद्य किती घातले, ते पाहावे.

जुना_प्रयोगकर: मूळ प्रश्नाकडे येतो. सायप्रिनसची गुणसूत्रे १०० आणि रोहूची ५०. सायप्रिनसच्या वंशात जनुकसंच आणखी एकदा दुप्पट झाला, त्यामुळे तिथे एकेका जनुकाच्या दोन-दोन प्रती सापडतात. त्यातील एका प्रतीवर बेतलेला प्रायमर रोहूत नीट बसेलच असे नाही. रोहूचा स्वतःचा क्रम घ्यावा आणि प्रायमर दोन एक्झॉनांच्या (जनुकाच्या आरएनएत टिकणाऱ्या भागांच्या) सांध्यावर ठेवावा, म्हणजे तो मूळ डीएनएला चिकटणार नाही. मुळात जीएचआर-१ हा वृद्धी संप्रेरकाचा ग्राही आहे, हेच मला मान्य नाही. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी मासू सामन या माशात त्याला सोमॅटोलॅक्टिन या दुसऱ्या संप्रेरकाचा ग्राही म्हटले होते.

कल्ले: ते सामनपुरते होते आणि नंतर त्यावर बरेच आक्षेपही आले. दोन्ही ग्राही अस्थिमत्स्यांच्या जनुकसंच-द्विगुणनातून आलेली भावंडे आहेत, असेच आता बहुतेक जण मानतात. नावांचा वाद इथे उकरून या मुलाचा शुक्रवार सुटणार नाही.

जुना_प्रयोगकर: नाव चुकले की निष्कर्षही चुकतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

खवले: मला ऑलिगो-डीटी खटकते. झेब्राफिशच्या भ्रूणाची स्वतःची जनुके साधारण तिसऱ्या तासाला जागी होतात. तोवर जो आरएनए असतो तो मादीने अंड्यात ठेवलेला असतो, म्हणून पियूषिका नसतानाही ग्राहीचा आरएनए सापडू शकतो. या मातृक आरएनएपैकी बऱ्याच रेणूंची शेपटी (टोकाची ‘ए’ घटकांची साखळी) सुरुवातीला आखूड असते आणि नंतर लांबते. ऑलिगो-डीटी शेपटीलाच चिकटतो, त्यामुळे नुसती शेपटी लांबली तरी आलेखात अभिव्यक्ती वाढल्यासारखी दिसते. त्याऐवजी आरएनएवर कुठेही चिकटणारे रँडम हेक्झामर वापरून पाहावे. बीटा-अ‍ॅक्टिन स्वतःच विकासाबरोबर वाढते, तेव्हा पुढची घसरण खरी असेलच असेही नाही. आणि डीएनेज (डीएनए नष्ट करणारे एन्झाइम) दिले होते का?

हापा_आणि_पिपेट: डीएनेज दिले नव्हते. आरएनए काढण्याच्या संचातील गाळणारा स्तंभ पुरेसा आहे असे सांगितले होते.

खवले: मग रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून सीडीएनए बनवणारे एन्झाइम) न घालता एक नळी चालवा. पहिल्या तासाला भ्रूणात मोजक्याच पेशी असतात, सहाव्या तासाला हजारो. आरएनएत डीएनए शिरत असेल तर तोही त्याच प्रमाणात चढतो.

हापा_आणि_पिपेट: नळी चालवली. सहाव्या तासाच्या नमुन्यात एन्झाइम नसतानाही सीटी (संकेत दिसेपर्यंतच्या फेऱ्या; आकडा कमी म्हणजे डीएनए जास्त) २९ आले, पहिल्या तासाच्या नमुन्यात ३७. जेलवर अपेक्षित पट्ट्याच्या वर आणखी एक जाड पट्टा आहे. नवे प्रायमर मागवले, डीएनेज आजच देतो. प्रत्येक टप्प्याचे तीन नमुने शिल्लक आहेत, त्यांवरच पुन्हा करतो.

कल्ले: ते तीन नमुने तीन वेगळ्या माद्यांचे आहेत का?

हापा_आणि_पिपेट: नाही, एकाच हाप्यातून (अंडी ठेवायच्या जाळीच्या कप्प्यातून) तीनदा अंडी उचलली होती.

कल्ले: म्हणजे आपल्याकडे तीन नमुने नाहीत, एकच आहे. मार्गदर्शकांकडून शुक्रवार पुढे ढकलून घ्या.