मदत हवी आहे: छोट्या केसमध्ये दणकट पीसी, उष्णतेचं काय करू?

नमस्कार मंडळी,

टेबलाखालचा जुना टॉवर काढून १० लिटरच्या आसपासच्या केसमध्ये मिनी-आयटीएक्स (छोट्या आकाराच्या) मदरबोर्डावर नवा पीसी जुळवायचाय. काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या रेंडरिंगचं (तयार दृश्याचं अंतिम चित्र काढण्याचं), म्हणजे प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण लोडवर.

अडलंय ते उष्णतेपाशी. केस सँडविच पद्धतीची आहे: एका बाजूला बोर्ड, पाठीला पाठ लावून दुसरीकडे ग्राफिक्स कार्ड, दोघांना जोडणारी रायझर केबल. कूलरला उंची मिळते जेमतेम ७० मिमी. रायझेन ९ ७९५०एक्स प्रोसेसरचा टीडीपी (कूलरने बाहेर टाकायची उष्णता) १७० वॅट; एवढ्याशा कूलरला तो झेपणार नाही हे मलाही कळतं. पण बायोसमध्ये इको मोड (कमी वीज वापरण्याची सेटिंग) लावून १०५ किंवा ६५ वॅटवर आणला तर रेंडरिंगच्या वेळेत नेमका किती फरक पडतो? कुणी स्वतः मोजलंय का?

रायझर जेन ४ चीच (पीसीआय एक्सप्रेस जोडणीच्या चौथ्या पिढीची) घेणार. मागे जेन ३ ची केबल जेन ४ कार्डाला लावली आणि स्क्रीनच येईना. बायोसमध्ये स्लॉट जेन ३ वर ठेवल्यावर सुरू झालं. तोवर दोन दिवस बिचाऱ्या रॅमला शिव्या घातल्या!

सुटे भाग बदलता येणाऱ्या, म्हणजे मॉड्युलर संगणकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या फ्रेमवर्क कंपनीचा फ्रेमवर्क डेस्कटॉपही पाहिला. ४.५ लिटर, रॅम १२८ जीबीपर्यंत. पण ती बोर्डावर सोल्डर केलेली. नंतर वाढवता येत नसेल तर मॉड्युलर कसलं?

एसएफएक्स (छोट्या आकाराचा) पॉवर सप्लाय वापरणाऱ्यांनी पंख्याच्या आवाजाबद्दलही सांगा. रात्री रेंडर लावून त्याच खोलीत झोपायचं असतं.