मदत हवी आहे : वेलस्लीच्या बढत्यांचं गणित

मंडळी, असईच्या लढाईवर (२३ सप्टेंबर १८०३) टिपण लिहितोय आणि तिथला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) याच्या बढत्यांपाशी अडकलोय. १७८७मध्ये एन्साइन (पायदळातलं सर्वांत खालचं अधिकारीपद), १७९३मध्ये थेट लेफ्टनंट कर्नल, वय अवघं २४! मधल्या काळात पठ्ठ्याने रेजिमेंटी भराभर बदलल्या, लढाई मात्र एकही पाहिली नाही. तेव्हा ब्रिटिश लष्करात अधिकाऱ्यांची पदं विकत मिळत; ३३व्या पायदळ रेजिमेंटमधली पदं त्याने थोरल्या भावाकडून, रिचर्डकडून, उसने पैसे घेऊन विकत घेतली, इथवर कळलं. पण लेफ्टनंट कर्नलच्या वर पैसे चालत नसत, ज्येष्ठता पाहत. मग १८०२मध्ये मेजर जनरल झाल्यावर आधी ओतलेल्या पैशांचं काय? खालचं पद विकता येई की रक्कम बुडे? ब्रिटिश लष्कराचा अभ्यास असणाऱ्यांनी कृपया सांगावं. मराठीत काही वाचायला असेल तर तेही सुचवा.