दुसरं जीटीएक्स १०८० घेऊन एसएलआय करावं की एकच नवं कार्ड?

वऱ्हाडी_पिक्सेल
पीसी असा आहे: प्रोसेसर रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०८० (८ जीबी), ५५० वॉटचा पॉवर सप्लाय, मॉनिटर १४४०पी १४४ हर्ट्झ. नव्या गेम्समध्ये मीडियम सेटिंगला ६० फ्रेम टिकत नाहीत. दुसरं १०८० सेकंडहँड स्वस्तात मिळतंय. एसएलआय केलं (म्हणजे दोन एनव्हिडिया कार्डं जोडून एकच गेम चालवला) तर दुप्पट नाही, निदान दीडपट फरक पडेल का? मेमरी ८ आणि ८ मिळून १६ जीबी धरायची का?

फ्रेमटाइम
नका घेऊ. मेमरीचं आधी सांगतो: ८ आणि ८ मिळून ८ च. दोन्ही कार्डांना तेच टेक्स्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) आपापल्या मेमरीत ठेवावे लागतात.

एसएलआयमध्ये बहुतेक गेम्स आळीपाळीने चालत. एक फ्रेम पहिलं कार्ड काढणार, पुढची दुसरं. त्यासाठी ड्रायव्हरमध्ये त्या त्या गेमचं प्रोफाइल असावं लागतं. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या कार्डांसाठी नवी प्रोफाइल देणं बंद केलं. त्यापुढे डायरेक्टएक्स १२ किंवा व्हल्कनमध्ये (गेम ज्यातून कार्डाशी बोलतो ती सॉफ्टवेअर) गेम बनवणाऱ्यांनीच सगळं लिहायचं, आणि शॅडो ऑफ द टूम्ब रेडर, स्ट्रेंज ब्रिगेड अशी मोजकी नावं सोडली तर ते कुणी केलं नाही. ज्या नव्या गेम्ससाठी तुम्हाला कार्ड हवंय, त्यात दुसरं १०८० नुसतं बसून राहील.

यामागे तांत्रिक अडचणही आहे. आताचे टीएए (कडा गुळगुळीत करायची पद्धत) आणि अपस्केलिंग (छोटी प्रतिमा मोठी करणं) आधीच्या फ्रेममधली माहिती वापरतात. ती फ्रेम असते शेजारच्या कार्डात. ती इकडे येईपर्यंत थांबायचं म्हटलं की आळीपाळीचा फायदा तिथेच संपला.

जुन्या गेम्समध्ये जिथे एसएलआय चालतं, तिथेही नुसता सरासरी आकडा बघू नका. फ्रेम ८, २५, ८, २५ मिलिसेकंदांनी येत असतील तर काउंटर ६० दाखवतो, डोळ्याला मात्र ४० सारखं अडखळताना दिसतं. यालाच मायक्रोस्टटर म्हणतात.

जाडवायर
वरच्या उत्तरात हार्डवेअरचं राहिलं. एनव्हिडिया एसएलआयसाठी दोन्ही स्लॉटना किमान एक्स८ (आठ लेन, म्हणजे डेटाच्या आठ वाटा) मागते. बहुतेक बी४५० बोर्डांवर खालचा लांब स्लॉट दिसायला पूर्ण असतो, पण प्रोसेसरऐवजी चिपसेटवरून (बोर्डावरच्या मदतनीस चिपवरून) येतो आणि पीसीआयई (कार्डाच्या स्लॉटचं मानक) २.० एक्स४ वरच चालतो. अशा बोर्डावर ड्रायव्हरमध्ये एसएलआयचा पर्यायच दिसणार नाही, ब्रिज (दोन कार्डं जोडणारी पट्टी) कितीही चांगला आणा. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये स्लॉटचा तक्ता असतो, तो वाचा.

पॉवरचा हिशेब: दोन कार्डांचे १८० प्रमाणे ३६० वॉट, प्रोसेसर भरात ८८ पर्यंत, बाकी पंखे, डिस्क, बोर्ड मिळून ५० च्या आसपास. झाले जवळपास ५००. कार्डं क्षणभर याच्या बरीच वर उसळतात, त्यामुळे ५५० वॉटवर ऐन खेळात पीसी बंद पडू शकतो. दोन कार्डांना ७५० वॉट धरा, आणि प्रत्येक कार्डाला स्वतंत्र केबल. एकाच केबलच्या दोन तोंडांवर दोन कार्डं लावू नका.

उष्णतेचंही तेच. खालच्या कार्डाची गरम हवा वरचं कार्ड ओढून घेतं. १०८० साधारण ८३ अंशांना क्लॉक (स्वतःचा वेग) खाली आणायला लागतं. एप्रिल-मे मध्ये विदर्भातल्या खोलीत वरचं कार्ड कायम तिथेच टेकलेलं असेल.

वऱ्हाडी_पिक्सेल
पटलं. मग याच बोर्डावर आणि ५५० वॉटवर एकच कार्ड कुठलं? आणि जुनं १०८० खालच्या स्लॉटमध्ये ठेवून लॉसलेस स्केलिंग या प्रोग्रॅमचं फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेल्या फ्रेम घालणं) त्याच्यावर टाकता येतं म्हणतात, ते खरं का?

फ्रेमटाइम
तुमचा बोर्ड पीसीआयई ३.० चा आहे, म्हणून कार्डाच्या लेन बघा. आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी पूर्ण एक्स१६ वापरतं आणि १६० वॉट घेतं. तुमच्यासाठी माझी पहिली पसंती हीच. आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी १८० वॉटचं, म्हणजे तुमच्या १०८० इतकंच, पण ते एक्स८ वर चालतं. १६ जीबीत त्याचा फार तोटा नाही. ८ जीबीवाली आवृत्ती मात्र टाळाच: मेमरी भरली की डेटा त्या अरुंद वाटेने ये-जा करतो आणि खेळ गचके खायला लागतो. आधी बोर्डाचं बायोस अद्ययावत करा. एनव्हिडियाकडून एएमडीकडे जाणार असाल तर जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या टूलने काढा.

जाडवायर
लॉसलेस स्केलिंगचं खरं आहे. दोन कार्डांचा गेमिंगमधला आज उरलेला कामाचा उपयोग हाच. नवं कार्ड वरच्या स्लॉटला, १०८० खाली, आणि मॉनिटरची केबल खालच्या कार्डाला. ती वरच्याला लावली तर तयार फ्रेम पुन्हा उलट प्रवास करतात. विंडोज ११ मध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन गेमसाठी नवं कार्ड निवडा, आणि लॉसलेस स्केलिंगमध्ये १०८०.

पण तुमचा खालचा स्लॉट पीसीआयई २.० एक्स४ असेल तर वाट सेकंदाला २ जीबीची. १४४०पी ची एक फ्रेम साधारण १४.७ एमबी, म्हणजे कागदावर १३५ फ्रेम, प्रत्यक्षात बऱ्याच कमी. मूळ ६० फ्रेम त्यातून पार होतील, त्यापुढे स्लॉट आडवा येईल. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या टूलमध्ये बस इंटरफेसच्या शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून लोड द्या, मग खरी लेन दिसेल. नुसत्या डेस्कटॉपवरचा आकडा खरा धरू नका, तेव्हा कार्ड वेग उतरवून बसलेलं असतं.

इनपुटला उशीर वाढतो, त्यामुळे व्हॅलरंट, काउंटर-स्ट्राइकला हे नको. मूळ फ्रेम ५० च्या खाली असतील तर हलत्या वस्तूंच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. वर पॉवरचा तोच प्रश्न: नव्या कार्डाचे १६० आणि १०८० चे १८० वॉट एकत्र ५५० वर मी चालवू देणार नाही.

रेंडरखोली
एक भर. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्स इंजिनने रेंडर करत असाल तर दोन एनव्हिडिया कार्डं एसएलआयशिवाय, ब्रिजशिवाय एकत्र लागतात आणि वेळ खरोखर जवळजवळ निम्मा होतो, कारण प्रतिमेची कामं वेगवेगळी वाटता येतात. सीन मात्र प्रत्येक कार्डाच्या मेमरीत मावला पाहिजे. नुसत्या गेमिंगसाठी १०८० विका, आणि लवकर विका: पास्कल कार्डांना (१०८० याच पिढीचं) गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर येत नाहीत, फक्त सुरक्षेचे अपडेट उरलेत.