आवाज ७० वर नेला तरी संवाद दबलेलेच! मोठा ॲम्प्लिफायर घेऊ का?

निशाचर:
मंडळी, ५.१ चा रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) आहे, पाच स्पीकर आणि सबवूफर सुटे घेतलेले. टीव्हीतलीच ॲप वापरतो, टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत एकच एचडीएमआय वायर, एआरसीच्या खोबणीत (टीव्हीचा आवाज उलट रिसीव्हरकडे पाठवणारी). तक्रार अशी की शंभरपैकी ७० वर आवाज नेला तरी पडद्यावरची माणसं तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. बरं, वाढवावा तर पुढच्याच क्षणी स्फोट होतो आणि आतल्या खोलीतून माझ्या नावाने हाक येते. रिमोट खाली ठेवायची सोय नाही.

मागचे स्पीकर आधी गप्पच असायचे. 'ऑल चॅनल स्टिरिओ' लावलं तेव्हापासून सगळे वाजतात, पण मजा येत नाही. खोली साधारण ४.३ बाय ३.४ मीटर, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, सेंटर स्पीकर टीव्हीखालच्या कपाटाच्या कप्प्यात, सबवूफर कोपऱ्यात.

रिसीव्हरवर प्रत्येक चॅनलला ८० वॉट लिहिलंय. १५० वॉटचा घेतला तर फरक पडेल का?

दणका:
वॉट कमी पडतायत, दुसरं काय. १५० घ्या आणि मोकळे व्हा.

कानसेन:
दणकाराव, दुसऱ्याच्या खिशात हात घालण्याआधी जरा हिशोब बघू.

८० चे १५० वॉट केले की वाढतात जेमतेम पावणेतीन डेसिबल. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. उलट बाजूने बघा. ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल देतो. तुम्ही तीन मीटरवर बसलात तर मोकळ्या जागेत त्यातले साडेनऊ जातील. खोलीत भिंती हात देतात, तेवढे जात नाहीत. म्हणजे एका वॉटला ७८ पेक्षा जास्तच. आणि माणूस समोर बसून बोलतो तो ६०-६५ च्या आसपास. संवादाला तुमच्या ८० पैकी एक वॉटही लागत नाहीये! बाकीचे वॉट स्फोटांसाठी राखीव आहेत, आणि ते तर तुम्हाला नकोच आहेत.

मी कार्यक्रमांना मिक्सर सांभाळतो. 'आवाज वाढवा, आवाज वाढवा' असं मागून जो ओरडतो, त्याला बहुतेक वेळा आवाज कमी पडलेला नसतो, शब्द कळत नसतात. तिथे आधी फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर ढकलायचा नसतो, काय कशावर चढलंय ते बघायचं असतं. तुमचंही तेच आहे.

माझा संशय त्या 'ऑल चॅनल स्टिरिओ'वर आहे. चित्रपटाच्या ५.१ मिश्रणात बहुतेक सगळे संवाद एकट्या सेंटर स्पीकरमधून येतात. तुम्ही लावलेल्या मोडमध्ये तेच बोलणं पाचही ठिकाणांहून येतं, संगीत आणि गोंगाट त्याच्यासोबत, आणि प्रत्येक स्पीकरचं अंतर वेगळं असल्यामुळे शब्दांच्या कडा पुसल्या जातात. पार्टीत गाणी लावायला तो मोड छान, सिनेमाला नाही.

आणि मुळात तो लावावा का लागला? सिनेमा चालू असताना रिसीव्हरच्या डिस्प्लेवर काय अक्षरं येतात ती वाचून सांगा. पुढचं त्यावर.

वायरमन:
यात एक भर. स्पीकरच्या मागे लाल-काळं बरोबर जोडलंय ना? एखाद्याची उलटी लागली तर तो स्पीकर बाहेर ढकलायच्या वेळी आत ओढतो. आवाज येतो, पण बेस पोकळ होतो, आणि पुढच्या जोडीत असं झालं तर गायक मधोमध उभा न राहता डोक्याभोवती फिरत राहतो.

तपासायला १.५ व्होल्टचा साधा सेल पुरतो. रिसीव्हर बंद करा, त्या स्पीकरच्या दोन्ही वायरी रिसीव्हरच्या टोकाकडून सोडवा, जाळी काढा. प्लसच्या वायरीला सेलचा प्लस आणि दुसरीला मायनस, नुसता स्पर्श करून काढून घ्यायचा. स्पीकरचा मोठा पडदा 'टप्' करून बाहेर आला पाहिजे. आत गेला तर वायर उलटी. ट्वीटरवर (बारीक आवाजांचा छोटा पडदा) हा खेळ नको.

निशाचर:
कानसेन, डिस्प्लेवर 'पीसीएम' येतंय आणि खाली एल आणि आर एवढेच दोन चौकोन पेटलेले. मी रोज बघत होतो, कधी त्यांचा अर्थ लागला नव्हता.

कानसेन:
मिळालं मग. पीसीएम म्हणजे टीव्हीने आधीच उलगडलेला आवाज, आणि टीव्ही तुमच्या रिसीव्हरला त्याचे दोनच चॅनल पाठवतोय. सहाचे दोन टीव्हीतच झाले. अशा वेळी सेंटरचा मजकूर डाव्या-उजव्यात वाटला जातो आणि सबवूफरचा स्वतंत्र चॅनल बहुधा गाळलाच जातो. मग मागचे गप्प राहणारच, त्यांना द्यायला काही उरलंच नाही.

टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये 'डिजिटल आउटपुट' शोधा. तिथे पीसीएम असेल. त्याचं 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास-थ्रू' (आवाज न उलगडता पुढे पाठवणं) करा, ज्या कंपनीने जे नाव ठेवलं असेल ते. ॲपमध्येही ५.१ चा ट्रॅक निवडलाय का बघा, काही वेळा भाषा बदलली की ट्रॅक गुपचूप स्टिरिओवर येतो. साध्या एआरसीमधून डॉल्बी डिजिटल आणि डॉल्बी डिजिटल प्लस व्यवस्थित जातात, ॲपवाले तेच देतात. डिस्कवरचं ट्रूएचडी (डॉल्बीचंच काहीही न गाळलेलं रूप) हवं असेल तर ईएआरसी (एआरसीची सुधारित आवृत्ती) लागेल किंवा प्लेयर थेट रिसीव्हरला जोडावा लागेल. ते नंतरचं.

मग सेंटरला कप्प्यातून पुढे ओढा. त्याचं तोंड फळीच्या कडेशी आलं पाहिजे, शक्य तर कडेच्या बोटभर पुढे. आत ढकललेला असला की त्याचा आवाज आधी कपाटात घुमतो आणि मग तुमच्यापर्यंत येतो. पुढच्या बाजूखाली रबराचा तुकडा किंवा घडी केलेला पुठ्ठा घाला, म्हणजे तोंड तुमच्या गुडघ्यांकडे नाही तर कानांकडे होईल. ट्वीटरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा असतो, बाजूला सरकलात की फिका पडतो.

निशाचर:
झालं! डिस्प्लेवर आता 'डॉल्बी डिजिटल प्लस', आणि बोलणं थेट टीव्हीतून येतंय असं वाटतं. ७० ऐवजी ५५ वरच पुरतंय. सेलची परीक्षाही घेतली, मागचा डावा उलटा निघाला.

पण दोन गोष्टी राहिल्या. एक, मागचे स्पीकर पुन्हा बराच वेळ शांत असतात. दोन, सोफ्यावर बेस नुसता घोंगावतो, ढूंऽऽऽ असा. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो की तोच बेस एकदम नीट वाटतो.

कानसेन:
मागचे शांतच बरे. पाऊस, गर्दी, मागून जाणारी गाडी एवढंच त्यांचं काम. सतत वाजायला लागले तर समजा काहीतरी बिघडलंय. पण पातळी मोजून घ्या. रिसीव्हरमध्ये 'टेस्ट टोन' असतो, तो एकेका स्पीकरमधून खळखळ आवाज काढतो. फोनवर डेसिबल मोजायचं ॲप घ्या, त्यात 'सी वेटिंग' आणि 'स्लो' ही सेटिंग ठेवा, फोन बसल्यावर कान येतात त्या उंचीवर धरा आणि सगळे स्पीकर ७५ ला आणा. फोन खरा आकडा सांगेलच असं नाही, पण आपल्याला तुलना करायची आहे, त्यामुळे चालतं. मग सेंटरला दोन-तीन डेसिबल झुकतं माप द्या. शुद्धतावादी नाकं मुरडतील, मुरडू देत.

त्याच मेनूत पाचही स्पीकर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बेस सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ ठेवा. स्पीकर दिसायला कितीही दांडगा असला तरी. खालचा बेस सबवूफरकडे गेला की रिसीव्हरच्या अंगावरचं ओझं उतरतं आणि तेच ८० वॉट मोठ्या आवाजालाही फाटत नाहीत. तुम्हाला नवा ॲम्प्लिफायर हवा होता ना, तो या मेनूत फुकट बसलाय.

आता ढूंऽऽऽ. तो सबवूफरचा दोष नाही, खोलीचा आहे. ४.३ मीटर लांबीत ४० हर्ट्झच्या लाटेची बरोबर अर्धी लांबी बसते. ती लाट समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते, भिंतीपाशी सगळ्यात जोरात आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीशी. तुमचा सोफा भिंतीलाच टेकलाय, म्हणजे तुम्ही त्या लाटेच्या शेंड्यावर बसलाय. सोफा हातभर तरी पुढे घ्या, फक्त अगदी मध्यावर नको.

सोफा हलतच नसेल तर सबवूफर हलवा. त्याला उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, ज्यात बेस सुरांवर चढतो-उतरतो असं काहीतरी लावा, आणि तुम्ही रांगत भिंतीकडेने फिरा. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येईल तिथे सबवूफरची जागा. घरातले हसतील, तेवढं सोसा. कोपऱ्यात तो जोरात वाजतो खरा, पण बहुतेक वेळा तिथे एकच सूर बोंबलतो.

चंद्रमौळी:
रात्री बघणाऱ्यांसाठी 'नाइट मोड' विसरू नका. डॉल्बीच्या प्रवाहात मोठे आवाज दाबायची आणि हळू आवाज उचलायची माहिती आधीच भरलेली असते, हा मोड तीच वापरतो. बाळ झोपलेलं असताना माझं सगळं पाहणं त्याच्यावरच चालतं.

कानसेन:
बरोबर, पण शेवटी. चित्रपटगृहात एका मुख्य चॅनलचा शिखराचा आवाज १०५ डेसिबलपर्यंत धरलेला असतो, सबवूफरच्या चॅनलचा ११५. एवढी मजल घरात कुणालाच झेपत नाही, त्यामुळे रात्री दाबायला हरकत नाही. मात्र जागा आणि पातळी न लावता नाइट मोड लावला की सगळंच सपाट होतं, आणि माणूस पुन्हा दुकानाकडे बघायला लागतो.

दणका:
चला, माझं १५० वॉटचं दुकान बंद.

निशाचर:
सोफा पुढे सरकवला, घोंगावणं बरंच उतरलं. सबवूफरची रांगणी रविवारी. एकच नवीन त्रास: सेटिंग बदलल्यापासून ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. किंचितच, पण एकदा दिसलं की दिसतच राहतं.

वायरमन:
टीव्हीच्या आणि रिसीव्हरच्या दोन्ही मेनूंत 'ऑडिओ डिले' किंवा 'लिप सिंक' शोधा, दोन्हीकडे शून्य करा. आवाज मागे पडत असेल तर डिले वाढवून उपयोग नाही, उलट आणखी मागे जाईल. शून्यावरही फरक राहिला तर टीव्हीचा 'गेम मोड' काढा, तो चित्र लवकर दाखवतो. ओठ नीट झाल्यावर मगच एखादा बिंदू इकडे-तिकडे करा.