डिटेक्टर गप्प, म्हणजे हवा साफ?

टाकीवरचा:
"रिफायनरीत छातीवर चार गॅसचा डिटेक्टर असतो. तो वाजत नाही तोवर बेंझिनचा बाऊ करू नका," असं कालच्या पोस्टमध्ये एका साहेबांनी ठणकावलंय. अहो, त्यातला एलईएल सेन्सर भडका उडेल का ते सांगतो; एलईएल म्हणजे हवेत किमान किती वाफ झाली की ती पेटू शकते तो आकडा. बेंझिनच्या विषारी वाफेने रक्ताचं काय होईल ते नाही. बेंझिनची एलईएल 1.2 टक्के, म्हणजे 12,000 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग). अलार्म एलईएलच्या 10 टक्क्यांवर लावला, तर 1,200 पीपीएम. ओशा या अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याची आठ तासांच्या सरासरीची मर्यादा 1 पीपीएम. करा हिशोब.

कंट्रोलरूम:
हिशोब बरोबर, पण अर्धवट. टाकीत काय शुद्ध बेंझिन भरलंय? बाकीच्या वाफेनेच अलार्म आधी वाजेल.

टाकीवरचा:
वाजेल ना, एकूण वाफ हजार-पंधराशे पीपीएमला पोचल्यावर. 1,400 धरा, त्यात बेंझिन फक्त एक टक्का. तरी 14 पीपीएम!

कंट्रोलरूम:
कॉलरला वाफ शोषणारा बॅज लावून शिफ्टभर नमुने घेतले, आकडा 1 च्या आत आला, की विषय मिटला. भीतीला लॅब रिपोर्ट लागत नाही, हीच तुमची सोय.

टाकीवरचा:
सरासरीत सगळं मुरतं. स्ट्रेनर (पाइपातली जाळी) उघडताना 10 मिनिटं 40 पीपीएम, उरलेली शिफ्ट शून्य. 400 भागिले 480, झाले 0.83. पास! तेच 15 मिनिटांवर काढा: जवळपास 27. तिथली मर्यादा 5 आहे.

शटडाउनवाला:
काय काथ्याकूट लावलाय! ऑरगॅनिक व्हेपरची, म्हणजे असली वाफ शोषणारी कार्ट्रिज असलेला, नाक-तोंड झाकणारा हाफ मास्क घाला आणि कामाला लागा.

पंपहाउस:
दाढीवर? रबराची कड केसांवर बसली की फटीतून वाफ आत. हाफ मास्क दहापट संरक्षण देतो तो तुळतुळीत गालावर, फिट टेस्ट झाल्यावर. दोन दिवसांच्या खुंटांनीही सील जातं.

शटडाउनवाला:
दाढी हा ज्याचा त्याचा प्रश्न. त्यावर बोलायचं काम नाही.

पंपहाउस:
मग सैल हूडचा, बॅटरीवर हवा फेकणारा मास्क मागा. तो दाढीवरही चालतो. महाग म्हणून स्टोअर देत नाही, तिथे भांडा. आणि "वास आला की कार्ट्रिज बदला" हे कोणी शिकवलं? बेंझिनचा वास जाणवतो तोवर मर्यादा कधीच ओलांडलेली असते. वेळापत्रकानेच बदलायची. लॉकरमध्ये उघडी टाकलेली कार्ट्रिज वाफ नि ओल पीत बसते, तिचा भरवसा शून्य.

शटडाउनवाला:
हायड्रोजन सल्फाइडचा तरी वास येतो ना?

पंपहाउस:
येतो, आणि 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून वायू गेला समजून माणूस पुढे सरकतो. तिथे कार्ट्रिज नको, सिलिंडरची हवा हवी.

कंट्रोलरूम:
बरं बाबा, एलईएलवर विसंबू नये, मान्य. पीआयडी घ्या, दिव्याच्या अतिनील प्रकाशाने थोडी वाफही मोजणारं यंत्र.

टाकीवरचा:
घ्या, पण त्यातला 10.6 ईव्ही ऊर्जेचा दिवा टोल्युइन, झायलीन, हेक्झेन सगळं एकत्र मोजतो. बेंझिनचा वेगळा आकडा हवा तर पुढे गाळणी ट्यूब लावा. आणि बॅजची एवढी खात्री आहे, तर टाकीतला गाळ उपसणाऱ्या ठेकेदाराच्या माणसांना लावलेत का? तुमच्या "1 च्या आत"मध्ये ती माणसं धरलीत की फक्त कायमस्वरूपी?