मुलीच्या स्टुडंट ओव्हरड्राफ्टची (खात्यात शिल्लक नसताना बँकेने काढू दिलेल्या पैशांची) पूर्ण रक्कम बँक ३० दिवसांत मागतेय, काय करावं?

स्लाऊची_आई
नमस्कार सगळ्यांना. आम्ही २०१४ पासून इथे इंग्लंडमध्ये आहोत, मूळचे नाशिकचे. मुलगी युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला होती, मागच्या हिवाळ्यात तब्येत खूप बिघडली (मनाची, शरीराची नाही) आणि तिने कोर्स सोडला. आता घरीच असते, सुपरमार्केटमध्ये पार्टटाइम जाते. परवा गणपतीच्या मखराचा खोका काढायला तिच्या पलंगाखाली हात घातला तर सात पाकिटं सापडली, बहुतेक बँकेची, त्यातलं एकही फोडलेलं नव्हतं. ती समोर उभी राहून नुसती रडत होती. मग आम्ही दोघींनी खाली बसून बँकेची एकेक करून फोडली. ती आता विद्यार्थिनी नाही हे कळल्यावर बँकेने खातं साधं केलंय, ३९.९ टक्के व्याज लावलंय, आणि शेवटच्या पत्रात १,८५० पौंड ३० दिवसांत भरा नाहीतर वसुलीकडे देऊ असं आहे. त्यातले १२ दिवस तर गेलेच. वर तिचा पगार त्याच खात्यात येतो आणि आला की मायनसमध्ये गडप, या महिन्यात बसच्या पासला पण मी पैसे दिले.
घरी बेलिफ (कोर्टाच्या निकालानंतर वसुलीला येणारे अधिकारी) येतील का? मार्चमध्ये आमचं मॉर्गेज (घरकर्ज) रिन्यू करायचंय, त्यावर परिणाम होईल का? नाशिकची एफडी मोडावी का? ह्यांना अजून सांगितलेलं नाही, कृपया कोणीतरी नीट सांगा.

लेस्टरकर
ताई, आधी श्वास घ्या. मी यातून गेलोय, माझे २,००० होते आणि मी पण पाकिटं फोडायचो नाही म्हणून तिची अवस्था मला कळते. सगळ्यात पहिलं काम म्हणजे तिचा पगार त्या खात्यातून बाहेर काढा. दुसऱ्या बँकेत बेसिक अकाउंट उघडा, त्याला ओव्हरड्राफ्ट नसतो त्यामुळे क्रेडिट (कर्जफेडीचं रेकॉर्ड) खराब असलं तरी सहसा मिळतं, आणि बँक खरंच दुसरी हवी, त्याच ग्रुपमधली नको कारण एका खात्यातली बाकी दुसऱ्या खात्यातून वळती करून घ्यायचा अधिकार त्यांना असतो. नवीन खातं चालू झालं की कामावर पेरोलला नंबर द्या. हे झाल्याशिवाय बँकेशी हप्त्याचं बोलू नका, नाहीतर इकडे हप्ता कबूल करायचा आणि तिकडे अख्खा पगार आत, असं होतं.
दुसरं म्हणजे हप्त्याच्या आधी व्याज थांबवायला सांगा. १,८५० वर ३९.९ ने महिन्याला साधारण ५२-५३ पौंड व्याजच होतं, म्हणजे तिने पोटाला चिमटा काढून ६० भरले तरी मुद्दल जागचं हलणार नाही. मी पहिले आठ महिने हेच केलं, नुसतं व्याज भरत बसलो आणि मला वाटत होतं की मी फेडतोय.

एक_काका_हॅरो
माझं मत विचाराल तर एफडी मोडा आणि विषय संपवा. १,८५० साठी पोरीचं रेकॉर्ड कशाला खराब करायचं. डिफॉल्ट (कर्ज थकवल्याची नोंद) लागला की सहा वर्षं क्रेडिट फाइलवर राहतो, उद्या तिला घर भाड्याने घ्यायचं तरी बघतात.

मीना_सल्लाकेंद्र
मी इथे एका मोफत सल्ला केंद्रात आठवड्यातून दोन दिवस बसते म्हणून लिहितेय.
बेलिफचं आधी. ओव्हरड्राफ्टसाठी बेलिफ असे उठून येत नाहीत. आधी कोर्टात जाण्यापूर्वीचं पत्र यावं लागतं, त्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, मग क्लेम, मग कोर्टाचा निकाल, आणि निकालाप्रमाणे पैसे भरले नाहीत तर पुढचं. वसुली कंपनीचा माणूस दारात आला तरी तो बेलिफ नाही, त्याला आत घ्यायची गरज नाही.
मॉर्गेज: कर्ज तिच्या एकटीच्या नावावर आहे, तुम्ही गॅरंटर नाही, जॉइंट खातं नाही, तर तुमच्या फाइलला धक्का नाही. एकाच पत्त्यावर राहतात म्हणून फाइली जोडल्या जात नाहीत.
काका म्हणतात ते चूक नाही, पण तो शेवटचा पर्याय ठेवा. अडचणीतल्या ग्राहकाला सवलत द्यायचा विचार बँकेने करायलाच हवा, तो एफसीएचा (बँकांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा) नियम आहे. तब्येतीचं जरूर सांगा, कागद असेल तर जोडा. स्टेपचेंज किंवा नॅशनल डेटलाइन या कर्जाबद्दल सल्ला देणाऱ्या संस्थांना फोन करा, दोन्ही फुकट, तिथे उत्पन्न-खर्चाचा तक्ता करून देतात आणि बँक तो सहसा मानते. त्यांच्यामार्फत ब्रीदिंग स्पेस पण मिळू शकते, म्हणजे ६० दिवस व्याज आणि वसुली बंद, ही सोय इंग्लंड-वेल्समध्ये मे २०२१ पासून आहे. फी घेऊन कर्ज मिटवतो म्हणणाऱ्यांच्या नादी अजिबात लागू नका. बँकेने ऐकलंच नाही तर लेखी तक्रार करा, त्यांना आठ आठवडे असतात, त्यानंतर फायनान्शियल ओम्बड्समन (बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारी स्वतंत्र संस्था), तेही फुकट.
आणि एक, कोर्स मध्येच सोडलाय ना, मग मेंटेनन्स लोनचे (शिकताना राहण्या-खाण्यासाठी मिळणाऱ्या कर्जाचे) जास्तीचे पैसे गेले असतील तर ते परत मागणारं वेगळं पत्र येऊ शकतं. सात पाकिटांत एखादं स्टुडंट लोन्सचं (विद्यार्थी कर्ज देणाऱ्या कंपनीचं) नाही ना ते बघा. मूळ स्टुडंट लोन मात्र ठराविक पगाराच्या वर गेल्यावरच कापतात, त्याची धास्ती नको.

लेस्टरकर
मीनाताईंना दुजोरा. आणि ताई, ह्यांना आजच सांगा. माझ्या बाबांना मी दोन वर्षं सांगितलं नव्हतं, कळल्यावर ते रागावले नाहीत, एवढे दिवस एकटा का बसलास म्हणाले.

स्लाऊची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार, नऊ दिवसांनी लिहितेय. ह्यांना त्याच रात्री सांगितलं, ते बराच वेळ गप्प बसले आणि मग तिच्या खोलीत गेले. नवीन खातं उघडलंय, पुढचा पगार तिथे. स्टेपचेंजकडून तक्ता झाला, तिच्या हातात महिन्याला ४५ उरतात. काल ती स्वतः बँकेशी बोलली, मी नुसती शेजारी बसले होते, तब्येतीचं सांगताना आवाज अडखळला पण तिने सांगितलं. व्याज थांबवलंय, ३० दिवस वसुली थांबवलीय आणि ४५ च्या हप्त्याचं लेखी कळवतो म्हणाले. सात पाकिटांत स्टुडंट लोन्सचं एक निघालं, ते आज संध्याकाळी बघतोय.
एफडी अजून मोडलेली नाही. लेखी पत्र आलं की इथे टाकते.