दोन यूएसबी मायनर एका हबवर: २०० मेगाहर्ट्झला नीट, ४०० ला तीन मिनिटांत हॅशरेट शून्य

वडगाव_माग:

नमस्कार मंडळी. मुक्काम वडगाव, बेळगाव. मांडणी अशी आहे:

रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक, पुढे नुसता पाय), त्यावर सीजीमायनर हा बिटकॉइन मायनिंगचा प्रोग्रॅम (गेको, म्हणजे या स्टिकचा ड्रायव्हर, सुरू ठेवून कंपाइल केलेला). सात पोर्टांचा यूएसबी हब, त्याचा अडॅप्टर ५ व्होल्ट ४ अँपियर. हबवर बीएम१३९७ चिपच्या दोन कॉम्पॅक एफ स्टिक, म्हणजे यूएसबीत लावायचे छोटे मायनर. दोन्ही शेजारी लावल्या की तापतात, म्हणून प्रत्येकीला एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर जोडून त्या पंख्यासमोर लांब ठेवल्यात. पूल (मायनरला काम देणारा सर्व्हर) सोलो सीकेपूल, युजरच्या जागी बिटकॉइनचा पत्ता, पासवर्ड एक्स.

फ्रिक्वेन्सी २०० ठेवली तर दोन्ही दिवसभर चालतात. ४०० केली की पहिली दोन-तीन मिनिटं हॅशरेटचा (सेकंदाला किती हॅश, म्हणजे गणिती प्रयत्न, होतात त्याचा) आकडा चढतो, मग एक स्टिक प्लॅटूचा (चिप अडकल्याचा) संदेश देऊन रीसेट होते, तिच्या पाठोपाठ दुसरीही. शेवटी हॅशरेट शून्य. स्टिक काढून परत लावली की पुन्हा तेच. चिप गेली असेल का? स्टिकवरचा व्होल्टेजचा बारीक स्क्रू फिरवून बघू का? आणि ४०० ला नेमका किती हॅशरेट यायला पाहिजे?

उद्यमबाग_लेथ:

स्क्रूला अजिबात हात लावू नका. चिप शाबूत आहे, नाहीतर २०० लाही चालली नसती. तुमचा दोष त्या एक्स्टेन्शन वायरमध्ये आहे, आणि थोडा अडॅप्टरमध्ये.

आधी हॅशरेट. बीएम१३९७ मध्ये ६७२ कोअर (हॅश काढणारे छोटे भाग) आहेत. फ्रिक्वेन्सीला कोअरच्या संख्येने गुणा: २०० ला १३४.४ गिगाहॅश (सेकंदाला अब्ज हॅश), ४०० ला २६८.८ गिगाहॅश. एका स्टिकचा एवढाच.

आता करंट. ४०० मेगाहर्ट्झला एक स्टिक साधारण ११ वॅट घेते असं धरा, म्हणजे ५ व्होल्टला २.२ अँपियर. दोन स्टिकचे ४.४ अँपियर झाले आणि अडॅप्टर आहे ४ चा. त्यातून पंखाही त्याच हबवर असेल तर अजून भर. अडॅप्टरवर छापलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांवर त्याला कायम राबवू नये, म्हणजे तुमच्या हिशेबाने ३.२ अँपियरच. २०० ला मागणी बरीच खाली येते, म्हणून तिथे भागतं.

पण खरी मेख वायरीत आहे. बाजारातल्या साध्या एक्स्टेन्शनमध्ये पॉवरची तार बहुतेक २८ गेजची असते (गेजचा आकडा मोठा तेवढी तार बारीक). २८ गेज तांब्याला मीटरमागे ०.२१३ ओहम रोध. करंट जातो एका तारेतून आणि परत येतो दुसरीतून, म्हणून एक मीटर केबलचे ०.४२६ ओहम. त्यातून २.२ अँपियर गेले की ०.९४ व्होल्ट वाटेतच खलास, आणि स्टिकला मिळतात जेमतेम ४ व्होल्ट. इथवर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं, पण स्टिकवर बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवून चिपला देणारा भाग) आहे. चिपला लागणारे वॅट तो पुरे करणारच, त्यामुळे वरून व्होल्टेज कमी आलं की तो करंट जास्त ओढतो. करंट वाढला की वायरीत घट वाढते, घट वाढली की आणखी करंट. ११ वॅटसाठी गणित मांडलं तर हे ३.७ व्होल्ट आणि जवळपास ३ अँपियरवर जाऊन टेकतं, आणि तेही हबने पूर्ण ५ व्होल्ट दिले तर. तुमचा अडॅप्टर आधीच दमलेला, तो खाली बसतो आणि दोन्ही स्टिक एकदम पडतात. पाठोपाठ पडतात असं लिहिलंय ना, ते यामुळेच.

हे तपासायचं असं:

१. दोन्ही एक्स्टेन्शन काढा. एकच स्टिक थेट हबमध्ये लावा, पंखा वेगळ्या चार्जरवर. फ्रिक्वेन्सी २०० वरून सुरू करून २५-२५ ने वाढवा, दर पायरीला दहा मिनिटं थांबा.

२. प्रत्येक पायरीला मल्टिमीटरने स्टिकच्या तोंडाशी व्होल्टेज मोजा, वायरीच्या हबकडच्या टोकाला नको. ४.७५ च्या खाली जायला नको. मधे लावायचे छोटे यूएसबी मीटर मिळतात, पण २-३ अँपियरला ते स्वतःच थोडं व्होल्टेज खातात, त्यामुळे त्यांच्या आकड्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका.

३. मोजताना मल्टिमीटरच्या दोन सुया एकमेकींना टेकू देऊ नका, जागा अगदी अपुरी असते.

लांब ठेवायचंच असेल तर २० गेजची तार घेऊन १५ सेंटीमीटरचा तुकडा करा. त्यात जाऊन-येऊन ०.०१ ओहमच येतो, विषय संपला. नाहीतर दोन स्टिकच्या मध्ये दोन पोर्ट रिकामे सोडा आणि १२० मिलिमीटरचा पंखा आडवा ठेवा. वारा हीटसिंकच्या पात्यांमधून आरपार गेला पाहिजे, नुसता पाठीवर आदळून उपयोग नाही.

निपाणी_नोड:

लेथवाल्यांचं गणित बरोबर. दोन गोष्टी जोडतो.

पहिली म्हणजे हबमधून पायला उलटा करंट. पुष्कळ स्वस्त हब आपल्या अडॅप्टरचे ५ व्होल्ट वरच्या (हब पायला जोडणाऱ्या) केबलने पायकडे परत ढकलतात. तपास सोपा आहे: हब चालू ठेवून पायचा अडॅप्टर काढा. पायचा लाल दिवा तरीही जळत राहिला तर उलटा करंट येतोय. अशा हबवर स्टिकने व्होल्टेज खाली ओढलं की पायही डगमगतो आणि दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे असं वाटत राहतं. हब बदला, किंवा वरच्या केबलमधली फक्त लाल तार कापून टोकं इन्सुलेट करा. काळी तार कापायची नाही, ग्राउंड दोघांना सामाईकच लागतो.

दुसरी: स्टिक पायच्या स्वतःच्या पोर्टात लावून बघायचा मोह होईल. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपियरच देतात, आणि लॅपटॉपचा यूएसबी ३ पोर्ट नियमाने ०.९ अँपियर. ४०० ला तिथे चालणारच नाही.

चांगला उपाय म्हणजे ५ व्होल्ट १० अँपियरचा धातूच्या डब्यातला एसएमपीएस पॉवर सप्लाय, एलईडी बोर्डला लावतात तो. त्याच्या बाजूला ११० / २२० चा स्विच असला तर पहिल्यांदा तो २२० वर आहे ना बघा, मगच लाइट द्या. अर्थिंगची तार जोडा. हबमध्ये पॉवरच्या जाड तारा वेगळ्या सोल्डर करून घ्या, लाल तारेत फ्यूज घाला, लोडवर ५.१ व्होल्ट येईल असा एसएमपीएसचा स्क्रू फिरवा. ५.२५ च्या वर कधी नको. आणि हबच्या सॉकेटकडे लक्ष ठेवा: साध्या यूएसबी-ए सॉकेटच्या पत्र्या १.५ अँपियरसाठी असतात. २ अँपियरच्या वर कायम चालवलं की पत्र्या तापतात, पांढरं प्लास्टिक तपकिरी पडतं, मग कॉन्टॅक्ट सैल होतो. तपकिरी झालेलं पोर्ट परत वापरू नका.

लिनक्सवर सीजीमायनरला स्टिकच दिसत नसेल तर आधी एलएसयूएसबी (लावलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणारी कमांड) चालवा. या स्टिकचा आयडी ०४०३ : ६०१५ असा येतो, जुन्या टूपॅक स्टिकचा १०सी४ : ईए६०. तिथे दिसते पण सीजीमायनरला सापडत नाही, तर परवानगीचा प्रश्न आहे. सोर्सबरोबर येणारी यूडेव्हची (लिनक्समध्ये उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या भागाची) नियमावली यूडेव्हच्या फोल्डरमध्ये टाका, आपल्या युजरला प्लगडेव्ह गटात घाला, पाय रीबूट करा. विंडोजवर हेच काम झाडिग हा ड्रायव्हर बसवायचा प्रोग्रॅम करतो: सगळी उपकरणं दाखवा, स्टिक निवडा, विनयूएसबी बसवा. यादीत चुकून कीबोर्ड किंवा माउस निवडलात तर तो बंद पडेल, म्हणून आयडी जुळवूनच बटण दाबा.

खानापूर_पाऊस:

हार्डवेअरचं सांगून झालं. आता आकडे वाचायचे कसे ते, कारण यात नवखे फार फसतात.

स्क्रीनवरचा पाच सेकंदांचा हॅशरेट बघून निर्णय घेऊ नका, तो उड्या मारणारच. डब्ल्यूयू हा आकडा बघा. डिफिकल्टी १ चे (सर्वात सोप्या पातळीचे) मिनिटाला किती शेअर (पूलला दाखवायचे कामाचे पुरावे) निघतात ते त्यातून कळतं, आणि एका शेअरमागे सरासरी २ चा ३२ वा घात एवढे हॅश लागतात. म्हणून डब्ल्यूयूला ७१.६ ने गुणलं की खरा वेग मेगाहॅशमध्ये मिळतो. २६८.८ गिगाहॅशला डब्ल्यूयू ३,७५५ च्या आसपास हवा. तासाभराने तो ३,६०० च्या वर असला तर स्टिक ठणठणीत. ३,००० वर अडकला आणि एचडब्ल्यू एररही (चिपने दिलेली चुकीची उत्तरं) चढत असतील, तर एवढ्या फ्रिक्वेन्सीला चिपचं व्होल्टेज पुरत नाही. तेव्हाच स्क्रूचा विचार करायचा, आणि तोही एका वेळी वर्तुळाचा आठवा हिस्सा, पंखा चालू ठेवून. त्याआधी फ्रिक्वेन्सी २५ ने उतरवून बघा.

पूलच्या पानावर बराच वेळ शेअर दिसला नाही म्हणून घाबरू नका. पूलने डिफिकल्टी १०,००० लावली तर २६९ गिगाहॅशच्या स्टिकला एक शेअर सरासरी १६० सेकंदांनी मिळतो, आणि कधी दहा मिनिटंही जातील. सीजीमायनरमध्ये डिफिकल्टी सुचवायचा पर्याय आहे, तो कमी ठेवा म्हणजे शेअर लवकर दिसतात. कमाईत फरक शून्य.

लाइट जाते तेव्हाची तयारीही लिहितो. सीजीमायनर सिस्टिमडीच्या (लिनक्सवर प्रोग्रॅम आपोआप सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या) सर्व्हिसमध्ये टाका, बंद पडल्यास पुन्हा सुरू हो असं त्यात लिहा. दुसरा पूल राखीव द्या. पायच्या कॉन्फिगमधून ओव्हरले फाइल सिस्टिम (कार्डावर काही न लिहिण्याची सोय) चालू करा, म्हणजे एकदम लाइट गेली तरी मेमरी कार्ड खराब होत नाही. ओव्हरले चालू असताना केलेले बदल रीबूटला पुसले जातात, तेव्हा सगळं जुळवून झाल्यावर शेवटी ते करा.

पावसाळ्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे चालू स्टिकला दमटपणाचा त्रास नाही, ती गरमच असते. त्रास बंद ठेवलेलीला. सोल्डरिंगचा फ्लक्स बोर्डवर राहिला असेल तर तो ओल धरतो. बंद ठेवायची असेल तर सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवा. पांढरट बुरशी दिसली तर ९९ टक्के आयसोप्रोपिल आणि मऊ ब्रश, पूर्ण वाळल्यावरच पॉवर. वडगावात तुम्हाला उलटा प्रश्न: मागाच्या कापसाची भुसी. हीटसिंकच्या पात्यांत ती नमद्यासारखी बसते. पंधरवड्याला ब्लोअरने साफ करा, पंखा हाताने धरून, नाहीतर वाऱ्याने गरगर फिरून बेअरिंग जातं.

वडगाव_माग:

सगळ्यांचे मनापासून आभार. आकडे देतो.

एक्स्टेन्शन असताना, एकच स्टिक, ३०० मेगाहर्ट्झ: स्टिकच्या तोंडाशी ४.२६ व्होल्ट. एक्स्टेन्शन काढून थेट हबमध्ये, ४०० मेगाहर्ट्झ: ४.९१ व्होल्ट. दोन तासांनंतर डब्ल्यूयू ३,७२०, एचडब्ल्यू एरर नगण्य. पायचा अडॅप्टर काढला तर लाल दिवा जळत राहतो, म्हणजे उलटा करंट आहे. वरच्या केबलची लाल तार कापतोय. दुसरी स्टिक १० अँपियरचा एसएमपीएस आल्यावरच लावेन.

एक विचारायचं राहिलं. घरचं मीटर गृहज्योतीत (कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत) आहे. याचा बिलावर काय परिणाम होईल?

चिकोडी_हिशेब:

हे आधी विचारायला हवं होतं, कारण इथेच खिशाला चाट बसते.

दोन स्टिक २२ वॅट, पाय आणि पंखा मिळून ६, अडॅप्टरमधला तोटा धरून भिंतीवर ३२ वॅट धरा. दिवसाला ०.७७ युनिट, महिन्याला २३. गृहज्योतीत २०० युनिट सरसकट फुकट मिळत नाहीत. तुमच्या मीटरची २०२२-२३ ची महिन्याची सरासरी आणि तिच्यावर १० टक्के, एवढीच तुमची हद्द. समजा सरासरी ७० होती, तर हद्द ७७. आज ७५ युनिट जळत असतील तर शून्य बिल येतं. त्यात २३ मिळवले की ९८, आणि हद्दीवरच्या २१ युनिटचे पैसे भरायचे. याहून वाईट गत १८५ युनिट जाळणाऱ्या घराची: २३ मिळवून २०८ झाले की २०० ओलांडले, आणि मग अख्खं बिल भरावं लागतं. हेस्कॉमच्या (आपल्या वीज कंपनीच्या) बिलावर तुमची हद्द छापलेली असते, ती बघून ठरवा.

आता मिळकत. बिटकॉइनच्या नेटवर्कचा वेग २०२५ मध्ये १ झेटाहॅशवर (सेकंदाला एकावर एकवीस शून्यं इतक्या हॅशवर) पोचला. तुमचे दोन स्टिकचे ५३८ गिगाहॅश त्यापुढे धरले तर एखादा ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा, तो शोधणाऱ्याला बक्षीस) तुम्हाला मिळायची शक्यता १८६ कोटींत एक. वर्षाला सुमारे ५२,५६० ब्लॉक निघतात, म्हणजे सरासरी ३५,००० वर्षांत एक. एप्रिल २०२४ पासून ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन मिळतात, त्याची सरासरी काढली तर दिवसाला २४ सातोशी (सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग). एका बिटकॉइनला १ कोटी रुपये धरा: महिन्याला ७३ रुपये, आणि तेही सोलो पूलवर प्रत्यक्षात शून्य, कारण ब्लॉक लागला तरच पैसे. युनिटला ७ रुपये धरले तर वीज १६१ रुपयांची.

चुकून लागलाच तर नफ्यावर ३० टक्के आयकर, वर ४ टक्के सेस, आणि विकताना १ टक्का टीडीएस. विजेचा किंवा स्टिकचा खर्च वजा धरत नाहीत.

वडगावकर, तुम्हाला शिकायचंच आहे ना, मग एकच स्टिक ३०० वर चालवा. भिंतीवर १७-१८ वॅट, महिन्याला १३ युनिटच्या आत. दुसरी स्टिक सुटी ठेवा, पहिलीत बिघाड वाटला की अदलाबदल करून दोष स्टिकचा की हबचा ते पाच मिनिटांत कळतं.

उद्यमबाग_लेथ:

लाल तार कापायच्या आधी मल्टिमीटरने कोणती तार ५ व्होल्टची ते बघून घ्या. रंगावर जाऊ नका. काही केबलींमध्ये रंग उलटसुलट असतात.